वाळवीनं खाल्लेल्या ओव्या

कापराच्या वासानं मला सिल्वासाजवळच्या सुरंगी गावच्या एक आजी आठवतात. साठच्या दशकात मी सिल्वासाला शाळामास्तर होतो आणि जुन्या काव्यावर एम.ए.चा संशोधन प्रबंध लिहीत होतो. आजींच्या वारलेल्या यजमानांची हस्तलिखित पोथी त्यांनी कापूर घालून जपली होती. “नेऊ नका, इथंच बसून मोठ्यानं वाचा,” त्या म्हणाल्या. वाळवीनं खाल्लेल्या ओवीपाशी मी अडलो, तेव्हा तांदूळ निवडता निवडता त्यांनी ती पुरी केली. “तुम्हाला वाचता येतं?” “नाही. हे रोज वाचायचे, मी ऐकायचे.” गेलेल्या सगळ्या ओव्या त्यांनीच मला सांगितल्या. वर्षानं प्रबंधात आभार लिहिताना कळलं, मी त्यांचं नावच विचारलं नव्हतं. सुरंगीला गेलो, तर घराला कुलूप होतं. आजी वारल्या होत्या. शेजाऱ्यांनाही त्या नुसत्या ‘आजी’च ठाऊक. प्रबंधात ‘सुरंगीच्या एक आजी’ एवढंच राहिलं, ते मला अजून सलतं.