मामांची हट्टी माणसं

आमच्या मामेसासऱ्यांइतका दमलेला माणूस मी आयुष्यात पाहिला नाही, आणि तोही सोलापूर जिल्ह्याबाहेर एकदाही पाऊल न टाकता दमलेला. सकाळी आठ वाजता भवानी पेठेतल्या घराच्या ओट्यावर ते असे बसलेले असत, की पाहणाऱ्याला वाटावं, गृहस्थ रात्रभर चालून आत्ता टेकलेत. "काय मामा, बरं नाही का?" असं विचारलं, की कपाळावरून उपरणं फिरवत म्हणत, "काय सांगू जावईबापू. काल हंगेरीतनं निघाले. बायका, पोरं, वर थंडी. लई हाल झाले की." कोण निघाले, हे विचारण्याची चूक मी लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत केली आणि त्या दिवशी दुपारचं जेवण चार वाजता झालं.

निघाले होते ते हटराइट. घरचा धंदा चादरींचा. गठ्ठे बांधायला रद्दी येई आणि त्या रद्दीत मामांना कधीतरी एक इंग्रजी पुस्तक सापडलं होतं. त्याला वरचं पान नव्हतं, कडा वाळवीनं खाल्लेल्या होत्या. मामांनी शब्दकोश मांडीवर घेऊन ते वाचायला सुरुवात केली आणि मी त्या घरचा जावई झालो तेव्हा त्यांचं पाचवं वाचन चालू होतं. रोज दोन पानं. जास्त वाचवत नसे, पाय दुखत. पुस्तकातली माणसं म्हणजे शेती करणारा एक ख्रिस्ती पंथ. जमीन सगळ्यांची मिळून, चूल एक, कुणाच्या खिशात स्वतःचं म्हणून काही नाही, आणि हातात शस्त्र धरायचं नाही. यातलं शेवटचं कुठल्याच राजाला पटत नसे. म्हणून टायरॉलच्या डोंगरातून मोराव्हियात, तिथून हंगेरीत, मग युक्रेनमध्ये. तिथं सैन्यात भरतीची सक्ती आली म्हणून समुद्र ओलांडून अमेरिकेत डकोटाच्या माळावर. तिथंही महायुद्ध पोचलं म्हणून आणखी वर, कॅनडात. चारशे वर्षं सामान बांधायचं आणि सोडायचं. मामांनी जगाच्या नकाशावर प्रत्येक मुक्कामाला टाचणी लावून तिच्याभोवती चादरीचं लाल सूत गुंडाळलं होतं. सूत कॅनडात पोचलं की मामा दोन दिवस पडून असत.

मामांच्या आईला सगळे अव्वा म्हणत. अव्वाला हटराइट हा शब्द काही केल्या येईना. ती म्हणे 'हट्टी'. कानडीत हट्टी म्हणजे वस्ती, वाडी. आणि आम्हा मराठी माणसांना हट्टी म्हणजे काय ते ठाऊकच आहे. मामांना ते इतकं पसंत पडलं की त्यांनी जुनं नाव सोडूनच दिलं. "दोन्ही अर्थ लागतात बघा," ते म्हणत. "हट्टानं हट्टी करतात."

त्यांच्या या वेडापायी मी एकदा कॅनडा पाहून आलो, एसटीनं. मामांचं म्हणणं, हट्टी लोकांचं माळरान म्हणजे हुबेहूब मंगळवेढा. तसंच सपाट, नजर पोचेल तिथवर एक झाड नाही. दुष्काळ नुकताच सरला होता आणि काळ्या रानात जोंधळा कमरेला लागत होता. भर उन्हात मामा बांधावर उभे राहून हातानं दाखवू लागले, इथं भोजनगृह, इथं शाळा, तिथं गुरं. एक म्हातारा शेतकरी बराच वेळ आमच्याकडं बघत होता. शेवटी त्याला राहवेना.

"काय बघताय, पावनं?"

"कॅनडा," मामा म्हणाले.

म्हाताऱ्यानं विचार केला. "हितं न्हाय त्ये. ष्टँडवर इचारा."

परतीच्या गाडीत मामा इतके थकले होते, की मीच त्यांना धीर दिला, अजून पुढची पिढी आहे, पोचतील.

आता मुख्य गोष्ट. मामांनी लग्न केलं नव्हतं. पाठचे दोन भाऊ, दोघांचे संसार एकाच चुलीवर. मधले मामा पेठेतलं दुकान बघत. धाकट्याला सगळे तम्मा म्हणत. तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ, आणि चाळिशीला आला तरी तो तेवढाच राहिला. या तम्मानं अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचे माग घालायला शेड घेतली आणि बिऱ्हाडही तिकडंच न्यायचं म्हणाला. मधले म्हणाले, हा घर मोडतोय. तम्मा म्हणाला, मला घालवताहेत. मग चार महिने दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. एकाच पंगतीला बसून मधले मामांना म्हणत, "अण्णा, त्याला म्हणावं मीठ सरकव." आणि मामा, अर्धी भाकरी हातात घेऊन, तम्माला म्हणत, "मीठ सरकव म्हणतोय." दमतील नाही तर काय?

त्यात तम्माला चौथी मुलगी झाली. बारशाला घुगऱ्या वाटून होताहेत तोच मामा उभे राहिले. हट्टी लोकांत वस्तीची माणसं दीडशेच्या घरात गेली, की भांडणं व्हायच्या आत वस्तीच दोन करतात, हे त्यांनी जमलेल्या बायकांना समजावून सांगितलं. "आपलं घर लहान. या पोरीनं आपण एकवीस झालो. आता फुटायला पाहिजे." बाळंतिणीला रडू आलं. पण मामांचं पुढचं ऐकून तीही थांबली. हट्टी लोक दोन याद्या करतात. मग सामान दोन्ही याद्यांनी बांधायचं, एकूण एक माणसानं, कारण कुठली यादी जाणार ते कुणालाच माहीत नसतं. निघायच्या सकाळी चिठ्ठी काढतात. चिठ्ठी निघेल ते जातात, उरतील ते सामान सोडतात.

"म्हणजे दुकान तम्माकडं आणि मी मागावर?" मधले म्हणाले.

"चिठ्ठी निघाली तर."

मधले उठून जाणार होते, पण अव्वा म्हणाली, "हट्टीसारखं करू या." अव्वापुढं कुणाचं चालत नसे.

चार दिवस ते घर बांधलं जात होतं. मी जावई म्हणून चिठ्ठी काढायला गेलो, तेव्हा अंगणात गाठोड्यांचे दोन ढीग होते आणि चहाला कपबशी सापडत नव्हती. शेजारीपाजारी विचारत होते, सगळेच कुठं निघालात? मधल्यांच्या बायकोनं एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच तम्माच्या बायकोला विचारलं, "तिकडं पाणी किती वाजता येतं गं?" आणि ती सांगत होती, बादल्या जास्त घ्या वैनी. मधले स्वतः देव्हाऱ्यापाशी उगाच उभे होते. कुणाला घालवायला निघालेला माणूस आता स्वतः निघाला होता.

मामांनी मला याद्या वाचायला दिल्या. अक्षर मोत्यासारखं. मी वाचल्या. अव्वा बोटं मोजत होती. तिनं पुन्हा मोजली.

"वीसच झाले. आणि तू रे?"

मामांचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं. ते नकाशाची सुरळी करत होते. "मी काय, मोजणारा. मोजणारा धरायचा नसतो."

"अण्णा माझ्याकडं," तम्मा म्हणाला.

"का? सकाळचा चहा माझ्या बायकोच्या हातचा पितोय तो," मधले थेट त्याच्याकडं वळून म्हणाले.

"चहा तुझा, पण औषध कोण देतंय? कधी विचारलायस?"

"लहानपणी तुला खांद्यावर घेऊन फिरला, आता मला बसू दे की त्याच्यापाशी."

चार महिन्यांनी दोघं भाऊ एकमेकांशी बोलत होते आणि भांडत होते, आणि मामा मधे निरोपाशिवाय मोकळे उभे होते. त्यांना काय करावं ते कळेना. शेवटी अव्वा म्हणाली, "आधी चिठ्ठी काढा."

मी चिठ्ठ्यांच्या तांब्यात हात घातला. तम्माची यादी निघाली. मधले आपल्या ढिगापाशी गेले, भाकरीचा मोठा लोखंडी तवा काढला आणि तम्माच्या ढिगावर ठेवला. तम्मानं तो नको म्हटलं नाही.

सामान चढवण्याच्या गडबडीत मी तांब्यातली दुसरी चिठ्ठी बाहेर काढली. तिच्यावरही तम्माचंच नाव होतं, त्याच मोत्यासारख्या अक्षरात. मान वर केली तर मामा माझ्याकडंच बघत होते. मी चिठ्ठी खिशात टाकली. हट्टी लोकांशी मामांनी आयुष्यात केलेली ही एकमेव लबाडी, आणि तम्मा काही वाचत नाही म्हणून आज लिहितो आहे.

नंतर मामा सकाळी भवानी पेठेत चहा घेत आणि दुपारी सायकलनं अक्कलकोट रोडला जेवायला जात. खरोखरचं दमणं त्यांना तेव्हा पहिल्यांदा कळलं. एका रविवारी त्यांनी मला बोलावून घेतलं. नवी हट्टी झाली, टाचणी लावायची होती. सोलापूरला एक टाचणी त्यांनी आधीच लावलेली होती. दुसरी तिच्या शेजारी लावायला गेले, तर जागाच होईना. डोकी एकमेकांवर चढत, कागद फाटू लागला. मामांनी चष्मा काढून बराच वेळ पाहिलं. मग दुसरी टाचणी डबीत परत टाकली आणि पाय पसरून बसले.

"कुटं गेलाय तम्मा?" ते म्हणाले. "हितंच हाय की."