खुंट्यांवरचे दीडशे कोट

१४ जानेवारी १८३७ रोजी नॉर्वेत गावांना आपला कारभार आपण चालवण्याची मुभा देणारे कायदे मंजूर झाले. या हक्काचा आस्ब्यर्नकाकांना भारी अभिमान. मात्र स्टाइनवोग या आपल्या गावच्या सभागृहात नऊ वर्षे सदस्य असूनही तिथले एक वाक्य त्यांना धड कळले नव्हते. उंच छत, उघड्या सिमेंटच्या भिंती. प्रत्येक शब्द चार ठिकाणी आदळून त्यांच्या श्रवणयंत्रात शिरे तो खिचडी होऊनच.

“गावची शाळा ठेवायची की बंद करायची, याचा निकाल जूनमध्ये लागणार,” त्यांनी पुतणीला बजावले. “तेव्हाही ऐकू आलं नाही, तर राजीनामा ठेवून मासे धरायला जाईन.”

पुतणी गुनवोर अठ्ठावन्न वर्षांची, फेरीबोटींवरचे रेडिओ दुरुस्त करणारी. सभागृहाच्या ध्वनियंत्रणेचे काम तिच्याकडेच आले होते. समोर दोन थोरले स्पीकर गर्जत ठेवण्याऐवजी तिने भिंतींवर बारा छोटे लावले. मागच्या स्पीकरांचा आवाज किंचित उशिरा सुटेल असे जुळवले, म्हणजे मंचावरचा शब्द आणि जवळच्या स्पीकरचा शब्द एकदमच कानी पडावेत. जानेवारीत भरल्या सभेत चाचणी झाली. काका शेवटच्या रांगेत होते, कारण पुढच्या तीन रांगांत बसणे स्टाइनवोगमध्ये आगाऊपणाचे मानतात. तिथून त्यांनी हात वर करून कळवले, की अध्यक्षबाईंची सर्दीसुद्धा स्वच्छ ऐकू येते आहे.

बारा जूनला लख्ख ऊन पडले होते. अध्यक्ष ईडुनबाईंनी स्वागत केले आणि ते स्वागत छतावरून, भिंतींवरून, खिडक्यांवरून पुन्हा पुन्हा होत राहिले. काकांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. गुनवोर यंत्रणेकडे धावली. तारा तपासल्या, आकडे ताडले. सगळे जानेवारीसारखेच होते. मग तिची नजर भिंतींकडे गेली. या टोकापासून त्या टोकापर्यंत खुंट्या रिकाम्या होत्या. जानेवारीत तिथे दीडशे लोकरी कोट लटकून आवाज पीत होते. तिने जुळणी केली होती ती खोलीची नव्हे, कोटांची.

ती थेट माईकपाशी गेली आणि सर्वांनी घरून हिवाळी कोट आणावेत, अशी विनंती केली.

“गुनवोर, बाहेर बावीस अंश आहेत,” ईडुनबाई म्हणाल्या.

“घालायचे नाहीत, बाई. टांगायचेत.”

विषयपत्रिकेत कोट नव्हते, म्हणून वीस मिनिटांची विश्रांती नोंदवण्यात आली. गाव धावत सुटले. उन्हात घामाघूम माणसे कोट, गोधड्या, कोळ्यांचे जाड स्वेटर घेऊन परतली. एकाने आजीचा कोल्ह्याच्या कातड्याचा गळपट्टा आणला, तो कोल्ह्याच्या डोक्यासकट. डांबरगोळ्यांच्या वासाने ईडुनबाईंना शिंका आल्या. शेवटची खुंटी भरल्यावर गुनवोरने टाळी वाजवली. ती जागीच विरली.

“काका, येतंय का ऐकू?” तिने माईकवरून विचारले.

“येतंय. ओरडतेस कशाला?”

सभागृह हसून लोळले, आणि तो खळखळाटही अगदी स्पष्ट उमटला. काकांनी कागद शेजारच्या कोटाच्या खिशात कोंबला आणि शाळेच्या बाजूने तेरा मिनिटे बोलले. शाळा दोन मतांनी वाचली. कोट घरोघरी परतले.

कागद गेला तो कोट कोणाचा होता, याची इतिवृत्तात नोंद नाही. कागदावर खरोखर राजीनामा होता की तो कोराच होता, हे काका सांगत नाहीत. आणि त्या कोटाचा मालकही अजून पुढे आलेला नाही.