वैशूचं नाव आणि कॅसेटमधला सेल

वैशू गेली त्याला आज वर्ष झालं, आणि मी अजून एका बटणाएवढ्या सेलला घाबरते.

वैशू म्हणजे सापगावची माझी मावसबहीण. शहापूरला मेडिकलमध्ये काम करायची. गेल्या वर्षी ताप आला आणि चार दिवसांत गेली. चाळिशीही गाठली नाही बाईने.

आम्ही शाळेत असताना जहाजावरच्या मामाने आम्हा दोघींना एकेक व्हिडिओ गेम आणला होता. हातात धरून खेळायचा. आत पत्त्यांचा खेळ.

म्हणजे परदेशातली मुलं पाकिटं विकत घेऊन चित्रांचे पत्ते जमवतात ना, तोच खेळ, पण स्क्रीनवर. खरे पत्ते आमच्याकडे कोणी बघितलेही नव्हते. आमची सगळी इस्टेट गेमच्या पाठीत खोचायच्या त्या छोट्या कॅसेटमध्ये.

मावशी करवादायची, "पोरींनी दिसभर पत्तेच कुटायचं हाय काय?"

त्या गेममध्ये एक गंमत होती. दोन गेम डोक्याला डोकं लावून धरायचे, दोघींनी एकदम बटण दाबायचं. दोघींना एकेक पत्ता फुकट.

पण एका माणसासोबत एकदाच. पुन्हा नाही.

मी दर सुट्टीत मुरबाडहून जायचे आणि म्हणायचे, चल, दाबू.

"आता नको गो. एकदाच मिळनार ना? माझे दोनच पत्ते ऱ्हायलेत. बघू, नायच मिळाले तर मग तुझ्यासंगं करू."

ते दोन पत्ते तिला मिळाले नाहीत. माझं लग्न झालं, मुलगी झाली, ती कॉलेजात गेली. वैशूचं आपलं "आता नको गो" चालूच. कंजूष कुठली!

ती गेल्यावर मावशीने तिचा गेम देव्हाऱ्याशेजारी ठेवला. दर शनिवारी चालू करते. पहिल्याच स्क्रीनवर इंग्रजीत वैशूचं नाव येतं. मावशी शाळेत गेलेली नाही, पण तेवढी अक्षरं ती ओळखते. त्यावर बोट फिरवते, गेम बंद करते आणि मला फोन करते.

"हाय गो, नाव हाय."

दिवाळीत साफसफाई करताना मी माझा गेम काढला. चालू केला तर सगळं कोरं. नाव नाही, पत्ते नाहीत.

चौकशी केल्यावर कळलं, कॅसेटच्या पोटात एक छोटा सेल असतो. आपलं सगळं त्याच्या जोरावर टिकतं. तो संपला की पुसलं.

आणि दोन्ही कॅसेट मामाने एकाच दिवशी घेतल्या होत्या.

तेव्हापासून दर शनिवारी फोन वाजला की मी आधी देवाचं नाव घेते, मग उचलते.

मावशीने एकदा विचारलं, "तुझा बंद पडला व्हता ना?"

मी म्हटलं, "घड्याळवाल्याकडून आत नवा सेल टाकून घेतला. मस्त चालतोय."

जुनं सगळं पुसलं गेलं, हे नाही सांगितलं.

परवा सकाळी मावशीचा फोन. "शहापूरला आलेय गो बाजाराला. वैशूच्या कॅसेटीत पन नवा सेल टाकाय दिलाय. दुपारी न्या बोल्ला."

मी ओरडले, "मावशी, थांबव त्याला!" तोवर फोन कट. परत लावला. बंद.

किन्हवलीमार्गे शहापूरला स्कूटर कशी हाणली, देवाला माहीत. कोणतं दुकान तेही माहीत नाही. पहिल्या घड्याळवाल्याने मान हलवली. दुसऱ्यानेही.

तिसऱ्याच्या काचेवर कॅसेट उघडी पडली होती. काका सोल्डरिंगची गन तापवून बसलेले.

"काका, सेल काढू नका!"

"अहो, पण त्या मावशी तर बोलल्या..."

मागे मावशी उभी होती. वर्षश्राद्धाच्या जेवणासाठी घेतलेली केळीची पानं हातात. "तूच बोल्लीस ना, मस्त चालतो?"

मग सांगावंच लागलं. सेल काढला की वैशूचं नाव जाईल. नाही काढला, तरी एक दिवस जाईलच.

मावशी स्टुलावर बसली. "मंजे परत मरनार ती?"

काकांनी गन बंद केली आणि गुपचूप कॅसेटचे स्क्रू बसवले. चालू करून बघायची हिंमत आमच्यापैकी एकीलाही झाली नाही. कॅसेट गेममध्ये खोचून मावशीने तो पदरात गुंडाळून घरी नेला.

आज वर्षश्राद्धाची पानं उठली आणि मावशी म्हणाली, "लाव."

"नको मावशी."

"लाव गो. किती दिस भिशील?"

लावला. स्क्रीन कोरी. मावशीने माझं मनगट घट्ट धरलं होतं, तिची बोटं थंडगार.

मग नाव आलं.

मी पर्समधून माझा गेम काढला. दोन्ही डोक्याला डोकं लावून धरले. वैशूचं बटण मावशीने दाबलं.

दोघींना एकेक पत्ता आला. वैशूला आला तो तिच्याकडे आधीच होता. ते दोन राहिलेले राहिलेच. इतकी वर्षं थांबून हे! मला हसू आलं आणि मग रडू आवरेना.

कोणाकोणासोबत झालं, याची यादी गेममध्ये राहते. माझ्या यादीत आता एकच नाव आहे. मावशीने त्यावर बोट फिरवलं.

"तुझ्यातला सेल नवा हाय ना?"

"हो."

"मग झालं. तिकडचं गेलं तरी इकडं हाय. आता भिऊ नको."

मावशी, मी भिते. येत्या शनिवारी तुझा फोन वाजेल तेव्हाही मी आधी देवाचं नाव घेणार आहे.

वैशू, आपलं एकदाचं झालं गो.
आता तू निवांत नीज. 🙏