दिवसाला सात जेवणं

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकते. पुढे मी जननीची बाजू घेऊन तावातावाने बोलणार आहे, तेव्हा मी फार सज्जन आहे असा कुणाचा समज व्हायला नको.

आमची कंपनी गाड्यांच्या ब्रेकचे पाइप बनवते. ऑफिस एग्मोरला, कारखाना गुम्मिडिपूंडीला. मी मिरजेची, चार वर्षांपासून इथे तमिळ मुलखात, एचआरमध्ये आहे. गेल्या वर्षी कंपनीला तिशीच्या आतल्या पोरापोरींचं वजन उतरवण्याची हुक्की आली. प्रत्येकाच्या फोनवर एक ॲप बसवलं. ते दिवसभर टोकायचं: उठा, दहा मिनिटं चाला, लिफ्ट सोडा, जेवण नोंदवा. भाषा आपली आपण निवडायची. तमिळ मजकूर बाहेरच्या माणसाने लिहिला, अगदी सरकारी अर्जासारखा. मराठी माझ्याकडे आला, कारण कारखान्यात आमच्याकडची चाळीसएक पोरं आहेत. 'आपण आहार घेतला आहे काय?' असं लिहायचं माझ्या जिवावर आलं. मी लिहिलं, 'जेवलास का रे?' आणि मुलींसाठी 'जेवलीस का गं?' खाली दोन बटणं, हो आणि नाही. त्या 'गं'वर मी दोन दिवस खूश होते.

आमच्या पोरांनी तिसऱ्याच दिवशी सूचना बंद करून टाकल्या. मराठीतून ते ॲप मनापासून वापरलं ते एकीनेच, आणि ती महाराष्ट्रात कधी पाऊलही न टाकलेली मुलगी होती.

जननी कारखान्यात तपासणी विभागात, तंजावरकडच्या मराठी घरातली. तिचे वडील, सुंदर, आवडी नावाच्या गावातल्या संरक्षण कारखान्यात कारकून आहेत, सगळं बालपण तिथल्या क्वार्टर्समध्ये गेलं. घरात मराठी, दाराबाहेर तमिळ. केंद्रीय शाळेत हिंदी होतं म्हणून देवनागरी वाचता येते. आमची ओळख झाली तेव्हा तिने मला सांगितलं होतं की घराबाहेर मराठीत तिच्याशी लेखी बोललेली पहिली गोष्ट म्हणजे हे ॲप. मला तेव्हा त्यात नुसती गंमत वाटली.

वजन उतरवायचं तिने कंपनीच्या आधीच ठरवलं होतं. वडिलांना चाळिशीत साखर निघाली, आणि पंचविसाव्या वर्षी डॉक्टरांनी हिलाही बजावलं की तू उंबरठ्यावर आहेस. शाळेत तिला 'गुंडू' म्हणायचे, तमिळमध्ये जाड्यांना म्हणतात तसं. सहावीत कवायतीच्या बाईंनी तिला शेवटच्या रांगेत उभं केलं, तर ही कार्यक्रमाच्या दिवशी सरळ पुढच्या रांगेत जाऊन उभी राहिली आणि एकही पाऊल न चुकता कवायत करून आली. बाईंनी पुढे वर्षभर तिच्याशी अबोला धरला. हे ती सांगते ते फुशारकीने, आणि फुशारकी मारण्यासारखंच आहे ते.

तर साखरेचं कळल्यावर तिने फोनवर स्वतःच्या सूचना लावल्या, स्वतःच्या भाषेत. सकाळी 'जननी, दोन स्टॉप आधी उतर.' दुपारी 'पोदुम, ताट उचल.' पोदुम म्हणजे तमिळमध्ये पुरे. कंपनीच्या बसमधून ती औद्योगिक वसाहतीच्या तोंडाशीच उतरायची आणि उन्हात, ट्रकच्या धुळीत पाऊण तास चालत गेटवर यायची. पाच महिन्यांत सहा किलो उतरले. फोन असा कामाला लावता येतो हे मी तिच्याकडून शिकले, ज्या कार्यक्रमाचं काम मी बघत होते त्याच्याकडून नाही.

आणि एका सोमवारी कारखान्याच्या कॅन्टीनमधल्या टीव्हीवर तिचं नाव लाल रंगात झळकलं. हिरवे, पिवळे, लाल अशी तिथे यादी लागायची. जननीच्या नावापुढे लिहिलेलं होतं: दिवसाला सरासरी सात जेवणं, स्वतःवर ताबा नाही. पोरांना काय, आयतं कोलीत मिळालं. ती ताट घेऊन निघाली की कुणीतरी मोठ्याने विचारायचं, हे कितवं? नऊ दिवस ते नाव तसंच राहिलं. नऊ दिवस ती तिथेच बसून जेवली, पण तिची मान खाली असायची, आणि कामानिमित्त मी तिथे गेले की ते मला बघवत नव्हतं.

त्यात पुण्याचं प्रशिक्षण आलं. तीन महिने, तपासणी विभागातून एकच जागा, आणि जननीचं काम सगळ्यांत चोख होतं. तिला पुण्याला जायचं होतं. जिथे रिक्षावाल्याशीही मराठीत बोलता येतं असं गाव तिला एकदा बघायचं होतं. पण नियम असा की लाल यादीतला माणूस जाणार नाही. नावं शुक्रवारी पाचला बंद होणार होती.

बुधवारी ती रजा टाकून एग्मोरला आली आणि आमचे साहेब देवेश यांच्याकडे तिने स्वतःच्या नोंदी मागितल्या. मी त्या काढल्या आणि वाचू लागले. दोन इडल्या, एक वाटी सांबार, भात, ताक. काय खाल्लं ते लिहायच्या पानावर सगळं अगदी प्रामाणिक होतं. पण माझा प्रश्न तिच्या फोनवर दिवसातून सात वेळा जात होता, आणि सातही वेळा तिने 'हो' दाबलं होतं. ॲपने प्रत्येक 'हो' म्हणजे एक जेवण धरलं होतं.

मी विचारलं, सात वेळा हो का म्हणालीस? तिला माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. त्यांच्या घरात कुणी 'जेवलीस का' विचारलं की हो म्हणायचं असतं, पोटात काही असो वा नसो. नाही म्हटलं तर विचारणाऱ्याला हातातलं काम टाकून पान वाढावं लागतं. उगाच कुणाला अडचणीत कशाला टाकायचं? तिच्या आईने, विजयलक्ष्मीबाईंनी, तिला लहानपणीच हे शिकवलेलं. तिला वाटलं, फोन तिची विचारपूस करतोय.

माझ्याच 'गं'ने तो घोटाळा केला होता. मी ते त्याच वेळी देवेशना सांगायला हवं होतं. मी गप्प बसले. नोकरीची भीती वाटली, दुसरं काही नाही.

देवेश वाईट माणूस नाहीत. त्यांना फाइल मिटवायची होती. त्यांनी तोडगा काढला: जननीने एका कागदावर सही करायची की मी खोट्या नोंदी भरल्या. मग खातं कोरं होईल, नाव हिरव्यात जाईल, पुणं मोकळं. जननीने कागद दोनदा वाचला आणि परत सरकवला. सही करणार नाही म्हणाली. देवेश म्हणाले, एका शब्दाचा प्रश्न आहे. ती म्हणाली, 'खोट्या' या एका शब्दाचाच आहे.

शुक्रवारी दुपारी साडेतीनला कारखान्याचे प्रमुख श्रीहरी सर यांच्या केबिनमध्ये बैठक झाली. देवेश होते, मी होते. सर सकाळपासून ऑडिटमध्ये अडकलेले, डबा टेबलाच्या कडेला तसाच बांधलेला. देवेशनी नियम सांगितला. सरांनी जननीला विचारलं, सही का करत नाहीस?

जननीने उलट अगदी अदबीने विचारलं, "साप्टिंगळा, सार?" म्हणजे जेवलात का.

"साप्टेन, साप्टेन," सर कागदावरून मान न उचलता म्हणाले. जेवलो, जेवलो.

मग त्यांची नजर स्वतःच्या डब्याकडे गेली, आणि कानापर्यंत लाल होऊन ते हसले. मला तेवढं पुरलं. मी सगळं सांगून टाकलं, 'गं'पासून बुधवारच्या माझ्या गप्प बसण्यापर्यंत. देवेश माझ्याकडे असे बघत होते की सोमवारी माझं टेबल जागेवर असेल की नाही याची मला शंका आली.

सरांनी निकाल देऊन टाकला. सही नको, तिचं नाव काढा, ती पुण्याला जाईल. आणि सहा किलो उतरलेत ना, मग टीव्हीवर तिचा फोटो लावा, आधीचा आणि आताचा, बाकीच्यांना हुरूप येईल. त्यांना वाटलं आता ती खूश होईल. मलाही तसंच वाटलं.

"फोटो नको, सार," जननी म्हणाली. मग माझ्याकडे वळून ती तिच्या घरच्या मराठीत बोलू लागली, कारण आता तिला तमिळमध्ये अदब सांभाळायची नव्हती. "अक्का, तूंच सांग त्यांस. नांव सगळ्यांच्या डोळ्यांपुढें लावलें, आतां गुपचूप काढतात. तसें नको. चूक तुमची होती म्हणून तिथेंच लिहा, जेवायच्या वेळीं, नऊ दिवस. नाहीं तर माझें नांव पुण्यास धाडूं नका."

मी ते सरांना इंग्रजीत सांगितलं, एक अक्षर न गाळता. देवेश म्हणाले, कंपनी असं लिहून देत नसते. घड्याळात साडेचार वाजत होते. मी जननीला हळूच म्हटलं, अगं, पुणं जाईल. ती म्हणाली, "जाऊं दे." तिचे डोळे भरले होते, आणि ते तिने पुसलेही नाहीत.

आयुष्यात मी फारशा धाडसाच्या गोष्टी केलेल्या नाहीत. त्या दिवशी देवेशचा लॅपटॉप पुढे ओढून मजकूर टाइप केला, तमिळ कुणाकडून तरी नंतर करून घेऊ म्हणून इंग्रजीत आणि मराठीत: 'जननीने दिलेली उत्तरं खरी होती. विचारलेला प्रश्न चुकीचा होता. तो मी लिहिला होता.' खाली माझं पूर्ण नाव, विभागासकट. कंपनी लिहून देत नसेल तर मी देते, असं म्हणून पडदा सरांकडे फिरवला. सरांनी मजकूर वाचला. मग माझ्या नावाखाली त्यांनी स्वतःचं नाव घातलं आणि पाचला सात मिनिटं उरली असताना पुण्याची यादी पाठवली.

सोमवारी मला दुसऱ्या विभागात बसवलं. जेवणाच्या सुट्टीत मी मुद्दाम कारखान्यात गेले. टीव्हीवर तो मजकूर होता, खाली माझं आणि सरांचं नाव, आणि जननी बरोबर त्याच्यासमोर, सगळ्यांना आपला चेहरा दिसेल अशी, ताठ मानेने भात कालवत होती.