लाल नसलेला डोळा

फरशीची धार बघायची तर फरशी डोळ्यासमोर आडवी धरायची, एक डोळा मिटायचा आणि दुसऱ्यानं कडेवरून नेम धरल्यासारखं बघायचं. वाकडी असेल तर लगेच कळतं. हे मी वडिलांच्या हाताखाली शिकलो आणि आमच्या फरशीच्या दुकानात गिऱ्हाइकासमोर जरा जास्तच थाटात करतो. उजवा डोळा मिटायचा, डावा रोखायचा, थोडा वेळ काहीच बोलायचं नाही. गिऱ्हाईक त्या न बोलण्यालाच भुलतं, असं बायकोचं मत आहे.

त्या दिवशी शिरोळकडचे एक शेतकरी घराच्या पुढच्या सोप्यासाठी फरशी न्यायला आले होते. मी पहिली फरशी धरली. मधोमध फुगलेली. दुसरी धरली, तीही तशीच. खोका बदलला तरी तेच. मग मी अंगात सज्जनपणा आणून म्हणालो, "हा माल मी तुम्हाला विकणार नाही."

त्यांनी फरशी हातात घेऊन इकडून तिकडून बघितली. "पावणं, सरळ हाय की."

हे नजरेचं काम आहे, त्याला हयात घालवावी लागते, असं मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी ते नीट ऐकून घेतलं आणि शेजारच्या दुकानातून तीच फरशी घेऊन गेले. मी कंपनीच्या माणसाला फोनवर असं फैलावर घेतलं की तो बिचारा दुसऱ्या दिवशी स्वतः आला. त्याच्यासमोर मी पुन्हा डावा डोळा रोखला. फरशी वाकडी होती. दाराची चौकटही वाकडी होती. त्याच्या शर्टाच्या उभ्या रेघा ओढ्यासारख्या वळत होत्या, आणि त्याला नाक नव्हतं.

त्यानंच मला गाडीत घालून डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. हे उपकार मी विसरलेलो नाही. तोही विसरलेला नाही. भेटला की आधी दाराच्या चौकटीची खुशाली विचारतो.

डॉक्टरबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी कागदावर एकमेकींना छेदणाऱ्या दोन रेघा काढल्या. "डोळ्याच्या पडद्यात रक्त आणणारी नळी आणि रक्त परत नेणारी शीर अशा एकमेकींवरून जातात. बीपीमुळं ही नळी कडक झाली, तिनं शिरेला दाबलं. रक्त तुंबलं, पडद्यात झिरपलं, वर त्याचा दाह. नजरेच्या बरोबर मध्यावर सूज आली आहे." मग विचारलं, "बीपीची गोळी घेता?"

"घेत होतो. बरं वाटायला लागलं म्हणून सोडली."

कागदावरची एक रेघ त्यांनी पुन्हा जोरात गिरवली.

उपाय म्हणजे डोळ्यात इंजेक्शन. तेही एक नव्हे. दर महिन्याला यायचं, तपासायचं, सूज असेल तर पुन्हा टोचायचं. "यानं शीर मोकळी होत नाही, सूज उतरते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मध्येच सोडलं आणि सूज मुरली, तर या डोळ्याची मधली नजर परत येईलच असं सांगता येणार नाही. वाचणं, माणसांचे चेहरे, सगळं त्या मधल्या नजरेवरच चालतं."

बातमी कळताच माझी थोरली बहीण, आमची आक्का, जयसिंगपुराहून पहिल्या एसटीनं आली. आल्या आल्या तिनं मला उजेडात बसवलं आणि अंगठ्यानं पापणी वर ओढली.

"कुठं काय हाय?"

"आत आहे आक्का. पडद्याला."

"लाल न्हाय, पाणी न्हाय, चिपडं न्हाईत. माझ्या डोळ्यापरास पांढरा हाय. दुकानात बसायचा कटाळा आला म्हन की सरळ."

तिचं चुकत नव्हतं. आमच्याकडं दुखणं म्हटलं की ते दिसलं पाहिजे. पाय मोडला तर प्लास्टर हवं, ताप आला तर निदान डोक्याला फडकं हवं. मी आरशात बघितलं. डोळा खरंच देखणा दिसत होता. अर्थात तो मी उजव्यानं बघितला होता.

इंजेक्शनला मी जितका भ्यालो तितकं ते टिकलं नाही. भिऊन व्हायच्या आत झालंसुद्धा. पण दुसऱ्या दिवशी उठून बघतो तर बुबुळाशेजारच्या पांढऱ्या भागात कुंकू सांडल्यासारखा लालभडक डाग. मी घाबरून फोन केला. डॉक्टरबाई म्हणाल्या, सुईनं वरची एखादी बारीक रक्तवाहिनी दुखावते, आपोआप जाईल, मूळ दुखण्याशी त्याचा संबंध नाही.

ही माहिती मी स्वतःपुरती ठेवली. कारण तोवर गल्ली लोटायला लागली होती. ज्यांनी आधी "काय न्हाय रं, चष्मा बदल" म्हणून वाटेला लावलं होतं, ते आता शहाळी घेऊन येत होते. आक्का आल्यागेल्याला माझी पापणी उचलून दाखवायची. "बगा, कसं रगत उतरलंय. आनि ह्यो गडी हूं की चूं करत न्हाय." मी हूं की चूं न करता पलंगावर बसून राहायचो. दुकानातही काळा चष्मा न लावता जायचो. भाव करायला आलेलं गिऱ्हाईक डोळा बघून आवाज खाली आणायचं.

डाग पुढं पिवळा पडला आणि गेला. तशी आक्का मोकळी झाली. "सुटलास. आता जोतिबाला जाऊन यायचं. मी बोलले होते देवाला, लाली गेली की ह्याला घेऊन येते म्हनून." तिनं जीपही सांगून टाकली, आणि ती नेमकी दुसऱ्या तपासणीच्या दिवशी.

"तारीख पुढं ढकलता येईल," मी म्हणालो. "बरंच सुधारलंय. मला आता चांगलं दिसतंय."

हे मी देवभक्तीनं बोललो असं आक्काला वाटलं. बायकोला तसं वाटलं नाही. ती भाकरीचं पीठ तसंच टाकून हात पुसत बाहेर आली आणि माझ्यासमोर बसली.

"उजवा डोळा झाका. नीट झाका, बोटं फाकवू नका. माझ्याकडं बघा. टिकली कसली लावलीय मी?"

"लाल. गोल. नेहमीची."

आक्कानं तिच्या कपाळाकडं बघितलं. मग माझ्याकडं.

"टिकली सकाळपास्नं आरशाला चिकटलीया," बायको म्हणाली आणि उठून आत गेली. तव्याचा आवाज नेहमीपेक्षा मोठा आला.

मी हात खाली घेतला नाही. ती समोर बसली होती तेव्हाही चेहऱ्याच्या जागी ओल्या भिंतीवर पडतो तसा एक करडा डाग होता. कपाळ, टिकली, डोळे, सगळं मीच त्यावर आठवणीनं चिकटवत होतो, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं ते छान बसतही होतं. असंच चाललं असतं तर तिचं वय वाढलेलंही मला कळलं नसतं. हा विचार मी तेव्हा बोलून दाखवला नाही, ते बरं झालं.

आक्कानं जीपवाल्याला फोन लावला. "न्हाय, जोतिबाला न्हाय. दवाखान्याला जायाचं हाय. देवाला मी सांगते काय सांगायचं ते."

दवाखान्यात आम्ही तिघंही गेलो, आणि आक्कानं डॉक्टरबाईंना सोडलं नाही. आतलं दाखवा म्हणाली. त्यांनी डोळ्याच्या आतली दोन चित्रं संगणकावर शेजारी शेजारी लावली. आधीचं आणि त्या दिवशीचं. पहिल्यात मधोमध सुजेचा डोंगर, आत काळी पोकळी. दुसऱ्यात डोंगर बसका झालेला, पण होता.

"म्हंजे हाय अजून."

"आहे. निम्म्यानं उतरलाय. आज टोचून घेतलं तर अजून उतरेल."

"आनि वरनं काय बी दिसत न्हाय."

"वरून काहीच दिसत नाही."

आक्का चित्राजवळ वाकली, तो डोंगर बोटानं लांबूनच मोजला आणि मला म्हणाली, "ऊठ. काय बसलाईस?"

आत मला झोपवलं, डोळ्यात थेंब घातले, तोंडावर हिरवं कापड टाकलं. दार नीट लागलेलं नव्हतं. बाहेरच्या बाकावरून आक्काचा आवाज येत होता. कुणा अनोळखी माणसाला ती सांगत होती, "लाल हाय का न्हाय ते इचारू नका. एक डोळा झाका. झाकला? नीट झाका की. आता ह्या आमच्या भावजयीकडं बगा आनि सांगा, हिनं कपाळाला काय लावलंय."

"वर बघा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आणि हसू नका हो. सुई आहे माझ्या हातात."