पोचल्याचा फोन

भावाला विमानतळावर सोडून मी डोंबिवलीला आईकडे परतले, तेव्हा अंगात त्राण उरलं नव्हतं. रस्ताभर खोदकाम आणि मेट्रोचे खांब. मी जिना चढत होते तोवर त्याचं न्यूयॉर्कचं विमान उडून अरबी समुद्रावर गेलंसुद्धा होतं.

जाताना गाडीत तो म्हणाला होता, "बारा-साडेबारा हजार किलोमीटर म्हणजे आता काही नाही गं ताई. दोन झोपा काढल्या की पोचलो." त्याला बोलायला काय जातं. सलग दोन झोपा मला कुठल्या जन्मी मिळाल्या होत्या, आठवत नाही. आईचे गुडघे गेल्यापासून मी रोज सकाळी माजिवड्याहून येते, तिचं सगळं आवरते आणि मुलं शाळेतून यायच्या आत परत ठाणं गाठते.

टेबलाखाली त्याच्या नाश्त्याचे पोहे सांडलेले, बॅगा बांधताना कापलेल्या सुतळीचे तुकडे सगळीकडे. मी केरसुणी उचलली.

"राहू दे," आई म्हणाली. "तो पोचू दे आधी."

आमच्याकडे माणूस प्रवासाला निघालं, की ते पोचेपर्यंत मागे केर काढत नाहीत. माणसं कोकणात जात होती तोवर हे ठीक होतं, एसटी संध्याकाळी पोचायची. आता मध्ये महासागर आला, तर केर उद्यापर्यंत लोळणार. आईने फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला होता. पडद्यावरचं इवलंसं विमान हललंय की नाही, ते ती चष्मा सारखा करून बघत होती.

"मोठा समुद्र अजून यायचाय," ती म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. "आई, तो दोन वर्षांतून एकदा जातो, तर एवढं कौतुक. मी रोज जाते. माझ्यासाठी कधी कोणी केर थांबवलाय का?"

बोलून गेले आणि वाईट वाटलं, पण शब्द मागे घ्यायचीही ताकद नव्हती. आईने फोनवरची नजर काढली नाही.

"रोज सकाळी आल्यावर केर कोण काढतं?" तिने विचारलं.

"मीच. तुझी ती दुपारची बाई कामचुकार आहे म्हणून."

"ती भांडी घासून जाते. केराला मीच नको म्हणते तिला."

मी केरसुणी हातात घेऊन तशीच उभी राहिले.

"तो निदान पोचल्याचा फोन करतो," आई म्हणाली. "तू करत नाहीस. सकाळी दारात दिसलीस की मला कळतं, काल नीट पोचली होतीस."