तीन साखळ्या कमी

पौडच्या मोजणी कचेरीत माझ्या शेजारी बसणारे एक कारकून फावल्या वेळात क्रोशाचं विणत. साहेबांच्या बाळाला टोपडं, शिपायाच्या लेकीला झबलं. कचेरीतल्या माठालासुद्धा त्यांनी झालरीचं झाकण घातलं होतं. मी घराण्यातला पहिला बी.ए., म्हणून माझ्या पदवीदानासाठी त्यांनी स्वेटर विणायला घेतला होता. टाके, म्हणजे क्रोशाच्या साखळ्या, मात्र ते मोठ्यानं मोजत.

एकदा उरवड्याचा एक शेतकरी मोजणीचा निकाल ऐकायला त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. मान वर न करता हे म्हणाले, "तीन साखळ्या कमी भरल्या."

जमीन मोजायचीही साखळीच असते. शेतकरी मटकन खाली बसला. "भाऊसाहेब, मग माजा खालचा तुकडाच गेला की."

"तुझा तुकडा जिथल्या तिथं आहे. ह्याच्या स्वेटरचा गळा कमी पडलाय."

शेतकऱ्यानं मला नीट न्याहाळलं. "मग उसवा की. गुदमरंल न्हाई का ह्यो?"

"एकदा झालेली मोजणी बदलत नाही," ते म्हणाले.

माझ्यासाठी कुणी काही विणण्याची ती पहिलीच वेळ, म्हणून स्वेटर मी आनंदानं घातला. पदवी घेताना मान काही खाली वाकेना. गावाला वाटलं, पोरगं शिकून ताठलं.